हाताला हात देणारी साधने

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा आग्रह विश्वस्त मंडळाने धरला. संस्थेच्या वाटचालीवर अधिकारवाणीने लिहू शकतील अशी ज्येष्ठ मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून समाजाला उपयोगी पडेल अशा एका वेगळ्याच विषयाचा इतिहास मांडावा, असे ठरविले. पक्षाघाताने किंवा अन्य कारणाने निकामी झालेला हात पुन्हा कामाला लागावा, यासाठी माणसाने हातावर बांधण्याची, घालण्याची जी साधने तयार केली, त्यांचा हा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु हाताचे मोल कापडाच्या धंद्यात रोज दिसते. ग्राहक ठाण डोळ्यांनी पाहतो आणि लगेच अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून पोत अजमावतो. या चिमटीत बळ आहे, स्पर्शज्ञान आहे आणि किती दाबावे याचा विवेकही आहे. कापूस वेचणारी मजूर स्त्री बोंडातून कापूस अलगद काढते, तीही याच चिमटीने. आपला जिल्हा कापसाचा आहे. इथली निम्मी मजुरी बोटांच्या टोकावर चालते असे म्हटले, तरी अतिशयोक्ती होणार नाही. असा हात थांबला की घराचा गाडाच थांबतो. त्यामुळे या इतिहासाकडे केवळ यंत्रांची नवलाई म्हणून पाहता येत नाही.

हात का थांबतो?

हात हलावा ही आज्ञा मेंदूतून निघते, मानेतील मज्जारज्जूतून खाली येते, तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूंपर्यंत पोहोचते आणि स्नायू कंडरेच्या दोरीने बोट ओढतो. या वाटेत कोठेही खंड पडला तरी हात थांबतो. मेंदूचा रक्तपुरवठा अडला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. त्यालाच आपल्याकडे लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतात. झाडावरून, विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडून मानेतील मज्जारज्जूला इजा झाली, तर दोन्ही हात जाऊ शकतात. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीच नष्ट करतो. कुष्ठरोगात मेंदू आणि मज्जारज्जू शाबूत असतात, पण हातातील मज्जातंतू बिघडतो.

हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एकाला लागू पडलेले साधन दुसऱ्याला निरुपयोगी ठरते, याचे कारण येथेच आहे. दुसऱ्याच्या घरी गुण आला म्हणून तेच साधन आपल्या घरी आणणे, ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे, म्हणून हे आधीच सांगितले.

वर्धा नदीच्या आसपासचा इतिहास

या विषयाचा शोध घेण्यासाठी परदेशी जाण्यापूर्वी आपल्या शेजारी पाहावे. वर्धा नदी ही आपल्या जिल्ह्याची एक सीमा आहे. तिच्या परिसरात गेल्या नव्वद वर्षांत निकामी हातांसाठी जे काम झाले, त्याला भारतात तोड नाही. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवन उभारले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच वर्षी वणीपलीकडे वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन सुरू झाले.

कुष्ठरोगात कोपराच्या मागून जाणारा मज्जातंतू पुष्कळदा बिघडतो. कोपर आपटले की ज्यातून झिणझिण्या येतात, तोच हा तंतू. तो बंद पडला म्हणजे तळहातातील लहान स्नायू थांबतात. करंगळी आणि अनामिका पंजासारख्या वाकतात व कालांतराने आखडून जातात. जोडीला स्पर्शज्ञान गेलेले असते. तव्याचा चटका किंवा विळ्याची धार कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. ‘रोगाने बोटे झडतात’ ही समजूत शतकानुशतके चालत आली होती. ती खोडून काढण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. पॉल ब्रँड यांना जाते.

ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णालयात त्यांनी एका रुग्णाचा वाकडा पंजा हातात घेतला, तेव्हा त्याची पकड विलक्षण घट्ट असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. तळहातातील स्नायू गेले असले, तरी कोपराखालच्या भागातील काही स्नायू सशक्त होते. तेव्हा सशक्त स्नायूची कंडरा निकामी बोटांकडे वळविली, तर बोटे पुन्हा उघडतील, असा विचार त्यांनी केला. १९४८ च्या सुमारास त्यांनी अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि त्या यशस्वी झाल्या. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा पुनर्रचना शस्त्रक्रियांची परंपरा रुजविली.

परंतु शस्त्रक्रियेने काम संपत नव्हते. कालपर्यंत एक काम करणाऱ्या स्नायूला आज दुसरे काम शिकवायचे असे. त्यासाठी आठवडेच्या आठवडे सराव लागे. शस्त्रक्रियेच्या आधी सांधे आखडू नयेत आणि नंतर बोटे सरळ राहावीत, म्हणून हातावर बांधण्याची साधने करण्यात आली. त्यांना वैद्यकीय भाषेत स्प्लिंट म्हणतात. मनगटाला चामड्याचा पट्टा, बोटांत अडकविण्याचे गोफ आणि ते ओढून धरणाऱ्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, असे त्यांतील एक साधे रूप होते. ज्यांची बोटे उरली नव्हती, त्यांच्या चमच्याला, विळ्याला व हत्यारांना त्यांच्याच हाताच्या मापाची मूठ बसवून दिली जाई. आज ज्यांना आपण अंगावर घालण्याची साहाय्यक साधने म्हणतो, त्यांचे हे अगदी घरगुती पूर्वज होत.

वेल्लोरला आणखी एक अनुभव आला. हात सुधारलेल्या काही रुग्णांनी डॉक्टरांना सांगितले, की आता आम्हांला पूर्वीसारखी भीकही मिळत नाही आणि कामही कोणी देत नाही. तेव्हा ब्रँड यांनी रुग्णांना सुतारकाम शिकवून लाकडी खेळणी करण्याचे केंद्र काढले. आनंदवनाचे उत्तर याच्याही पुढचे होते. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर सुरू झालेल्या या संस्थेने हात पूर्ण सुधारण्याची वाट पाहिली नाही. आहे त्या हाताला फावडे आणि कुदळ दिली, पुढे माग दिला. आनंदवनाच्या सतरंज्या आणि चादरी ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की तो माल दयेपोटी विकत घ्यावा असा नाही, वीण पाहून घ्यावा असा आहे.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यानंतर कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. आज रोग लवकर ओळखला, तर हात वाकडा होण्याची वेळच येत नाही. तरीही आपल्या विदर्भाच्या पूर्व भागात नवे रुग्ण आजही आढळतात. चट्ट्याला संवेदना नसेल किंवा करंगळी अशक्त वाटू लागली, तर विनाविलंब सरकारी रुग्णालय गाठावे. तेथील उपचार मोफत आहेत.

कमलाबाई निंबकर यांचे ऋण

हाताला कामातून बरे करण्याचे शास्त्र भारतात ज्यांनी आणले, त्या कमला निंबकर यांचे नाव आपल्या पिढीला फारसे माहीत नाही. त्यांचा जन्म १९०० मध्ये अमेरिकेत झाला. मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० मध्ये भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. मध्यम वयात त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण घेतले. १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या शास्त्राचे आशियातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये व्यवसायोपचार तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली. १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही असे विद्यालय निघाले. मुंबईस हाजी अली येथे १९५५ मध्ये भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली होती. अशा रीतीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या अकरा वर्षांतच मुंबई आणि नागपूर ही या विद्येची केंद्रे बनली.

या शास्त्राचे तत्त्व सोपे आहे. रुग्णाला नुसते ‘हात हलवा’ असे सांगून हात हलत नाही. त्याच्या ओळखीचे, त्याला गरजेचे काम त्याच्यापुढे ठेवावे, म्हणजे मेंदू आणि हात यांची मोडलेली मैत्री पुन्हा जुळू लागते. बटण लावणे, पोळीचा तुकडा मोडणे, धान्य निवडणे, ही सारी औषधेच आहेत. या विद्येच्या आरंभकाळात पाश्चात्त्य रुग्णालयांत छोटे हातमागसुद्धा उपचारासाठी ठेवलेले असत, हे वाचून कापड व्यापाऱ्यास विशेष समाधान वाटले.

रबरी फुगा आणि विणलेली नळी

आता जगाकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलिओच्या साथींनी अमेरिकेत हजारो मुलांचे हातपाय नेले. कॅलिफोर्नियातील रँचो लॉस ॲमिगोस या रुग्णालयात डॉ. व्हर्नन निकेल आणि त्यांचे सहकारी हातावर घालण्याच्या साधनांवर काम करीत होते. मनगट वर उचलताच बोटे आपोआप मिटावीत अशी बिजागरीची स्प्लिंट त्या काळात विकसित झाली. मनगट शाबूत पण बोटे निकामी अशा रुग्णांसाठी हे तत्त्व आजही वापरले जाते.

याच सुमारास जोसेफ मॅककिबेन हे भौतिकशास्त्रज्ञ या क्षेत्रात आले. हे गृहस्थ लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पात होते. १६ जुलै १९४५ रोजी जगातील पहिल्या अणुस्फोटाची अखेरची स्वयंचलित क्रमवारी ज्या कळीने सुरू झाली, ती कळ त्यांनी दाबली होती. पुढे त्यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिचे हात निकामी झाले. तेव्हा या पित्याने १९५० च्या दशकात तिच्या बोटांसाठी एक कृत्रिम स्नायू तयार केला. ज्या हाताने संहाराची कळ दाबली, तोच हात लेकीची बोटे मिटावीत म्हणून रबराची नळी घेऊन बसला. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाने ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तो स्नायू म्हणजे काय, हे कापडवाल्यास चटकन समजते. तिरकस, म्हणजे उरेब कापलेले कापड एका दिशेने ताणले की दुसऱ्या दिशेने आकसते. मॅककिबेन यांनी रबरी नळीवर तिरक्या विणीचे आवरण चढविले. आत दाबाने वायू सोडला की नळी फुगून रुंद होते, त्याबरोबर विणीमुळे लांबीने आखडते आणि खऱ्या स्नायूप्रमाणे ओढ निर्माण करते. ती ओढ स्प्लिंटला जोडली की बोटे मिटतात. आज यंत्रमानवांच्या जगात ‘मॅककिबेन स्नायू’ हे नाव प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील कॉनर वॉल्श यांच्या गटाने मऊ यांत्रिक हातमोजा प्रसिद्ध केला. त्यात लवचीक नळ्यांत द्रवाचा दाब भरून बोटे वाकविली जात. अशा साधनांत वायू किंवा द्रव जोर देतो, पण त्या जोराला दिशा देतात ते धागे.

विजेची वाट

दुसरा मार्ग विजेचा. स्नायूवर किंवा त्याच्या मज्जातंतूवर विजेचे सौम्य ठोके दिले की स्नायू आखडतो. १९६१ मध्ये अमेरिकेत लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचे चालताना लोंबकळणारे पाऊल याच पद्धतीने उचलून दाखविले. हाताचे काम अधिक बिकट होते. पावलाला एक हालचाल पुरे, चिमटीला अनेक स्नायूंचा मेळ लागतो.

अमेरिकेत ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे हंटर पेकहॅम यांच्या गटाने मानेला इजा झालेल्या रुग्णांच्या हातात आठ इलेक्ट्रोड बसविले आणि दुसऱ्या खांद्याच्या हालचालीने ते चालविण्याची सोय केली. १९८६ मध्ये हे साधन प्रथम रुग्णाच्या शरीरात बसले, १९९७ मध्ये त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. रुग्ण स्वतःच्या हाताने काटा-चमचा व लेखणी धरू लागले. परंतु ग्राहक थोडे आणि खर्च मोठा, या कारणाने ते बनविणाऱ्या कंपनीने २००१ मध्ये त्याची विक्री थांबविली. साधन उत्तम होते, रुग्ण समाधानी होते, पण दुकानच बंद झाले. व्यापारी माणसाने यातून घेण्याचा धडा उघड आहे. जे साधन शरीराला जोडले जाते, त्याची दुरुस्ती आणि सुटे भाग पुढील पंचवीस वर्षे कोण पुरविणार, हा प्रश्न किंमतीच्या आधी विचारला पाहिजे.

शस्त्रक्रिया नको असलेल्यांसाठी १९९० च्या दशकात इस्रायलमध्ये कोपराखाली व तळहातावर चढविण्याचे कवच निघाले. त्याच्या आतील पट्ट्यांतून वीज देऊन बोटे उघडमिट करता येत. पुढे थेट मेंदूचा संदेश वाचण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०१४ मध्ये ओहायोतील इयन बर्कहार्ट या तरुणाच्या मेंदूत एक चिप बसविण्यात आली. पाण्यात सूर मारताना मानेला इजा होऊन त्याचे हात गेले होते. चिपने टिपलेले संदेश संगणक उलगडी आणि हातावर गुंडाळलेल्या इलेक्ट्रोडच्या बाहीला देई. ‘मनात आणले आणि मूठ मिटली’ हे त्याने प्रत्यक्ष करून दाखविले आणि २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला. मात्र हे सारे प्रयोगशाळेतच शक्य होते, आणि संसर्गामुळे २०२१ मध्ये ती चिप काढावी लागली.

२०२१ मध्येच पक्षाघाताच्या रुग्णांसाठी डोक्यावर घालण्याची टोपी आणि हातावरचे यंत्र अशा जोडसाधनाला अमेरिकेत मान्यता मिळाली. टोपी कवटीबाहेरूनच मेंदूचे संदेश टिपते आणि त्यानुसार यंत्र बोटे उघडते. डिसेंबर २०२४ मध्ये मानेच्या त्वचेवरून मज्जारज्जूला विजेचे ठोके देणाऱ्या आणखी एका साधनास मान्यता मिळाली. त्याच्या परीक्षणात ६० रुग्ण होते. त्यांतील ७२ टक्के रुग्णांच्या हाताच्या बळात आणि उपयोगातही सुधारणा दिसली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सर्वांनी आधी दोन महिने नुसता व्यायाम केला होता आणि पुढील दोन महिने वीज व व्यायाम एकत्र घेतला होता. व्यायामावाचून केवळ वीज, असा प्रयोग तो नव्हताच.

आपला देशही मागे नाही. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास येथील संशोधकांनी ‘प्लूटो’ नावाचे हाताच्या व्यायामाचे आटोपशीर यंत्र तयार केले आहे. ते अंगावर घालायचे नसून टेबलावर ठेवायचे आहे. खेळ खेळता खेळता रुग्णाकडून मनगटाचा व बोटांचा सराव करून घ्यावा, अशी त्याची योजना आहे. ब्रँड यांनी ज्या संस्थेत काम सुरू केले, तेथेच पाऊणशे वर्षांनंतर हे काम चालू राहिले आहे.

सर्वांत स्वस्त साधन

या सर्व इतिहासात एक साधन असे आहे, की त्यात ना वीज आहे, ना वायू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या असे ध्यानी आले, की पक्षाघातानंतर रुग्ण चांगल्या हाताने सर्व कामे उरकतो आणि दुबळा हात वापरण्याचेच विसरतो. मग त्यांनी चांगल्या हातावर जाडसर मोजा चढवून तो अडविला आणि दुबळ्या हाताकडूनच कामे करून घेतली. २००६ मध्ये या पद्धतीचे मोठे परीक्षण प्रसिद्ध झाले. २२२ रुग्णांपैकी ज्यांना ही पद्धत लागू केली, त्यांनी दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ असा मोजा घातला आणि रोज काही तास कसून सराव केला. त्यांच्या हातात झालेली सुधारणा नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा अधिक होती आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. अर्थात, ज्यांची बोटे व मनगट थोडे तरी उघडत होते, अशाच रुग्णांसाठी ही पद्धत होती. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी. परंतु महागड्या यंत्रांच्या रांगेत कापडाचा एक साधा मोजा मानाने बसतो, हे नाकारता येणार नाही.

याउलट चित्रही पाहण्यात आहे. दारव्हा तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने वडिलांना लकवा झाल्यावर हवेने फुगणारा यांत्रिक हातमोजा मोठ्या आशेने मागविला. मोजा बोटे उघडी व मिटी. घरच्यांना वाटे, हात सुधारतो आहे. वडील मात्र त्या वेळी भिंतीकडे पाहत बसलेले असत. पंधरा दिवसांनी तो मोजा फडताळात गेला. दोष मोज्याचा नव्हता. सांधे मोकळे ठेवण्याचे काम तो करीतच होता. परंतु हालचाल यंत्राची होती, इच्छा रुग्णाची नव्हती, आणि इच्छा व हालचाल एका क्षणी जुळल्याखेरीज मेंदू नवी वाट सहसा बांधीत नाही. पुढे नात आजोबांसमोर बसून त्यांच्याकडून रोज वाटीभर तूर एका ताटातून दुसऱ्या ताटात टाकून घेऊ लागली. आज ते काठी धरतात आणि सदऱ्याची वरची दोन बटणे लावतात. याहून अधिक काही घडले, असा दावा नाही.

पाय आणि हात यांतील अंतर

दिव्यांगसेवा म्हटली की आपल्या समाजाच्या डोळ्यांपुढे जयपूर फूट येतो. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडविला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गावोगावच्या गरिबांपर्यंत मोफत नेला. गावोगावच्या जैन संस्थांनी अशी शिबिरे भरविली. सकाळी कुबड्यांवर आलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो, हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला दानाचे सार्थक झाल्यासारखे वाटते, आणि ते योग्यच आहे.

परंतु हात अशा रीतीने एका दिवसात देता येत नाही. पायाचे मुख्य काम भार पेलणे आणि पुढे टाकणे. ते काम चांगला घडविलेला पाय दुसऱ्या दिवसापासून करू लागतो. पक्षाघाताचा हात तुटलेला नसतो, तो विसरलेला असतो. विसरलेल्याला आठवण करून द्यावी लागते, आणि ती महिनोन्‌महिने, रोज, न कंटाळता. सायकलच्या ट्यूबची स्प्लिंट असो, मॅककिबेन यांचा स्नायू असो की २०२४ चे विद्युतसाधन असो, यांपैकी प्रत्येकाच्या यशामागे रोज समोर बसणारे एक माणूस होते. या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच आहे.

येथे आपल्या परंपरेतील एका शब्दाचे स्मरण होते. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना आहे. ग्लान साधूंची सेवा हा त्याचा मूळ अर्थ. दान एकदा देऊन मोकळे होता येते. वैयावृत्त्य रोज करावे लागते, म्हणूनच त्याला तपाचा दर्जा आहे. पक्षाघाताचा हात समाजाकडे दानापेक्षा वैयावृत्त्याची मागणी करतो.

काय करता येईल?

सुवर्णमहोत्सव हा मागे पाहण्याबरोबर पुढचे ठरविण्याचाही प्रसंग असतो. म्हणून विश्वस्तांपुढे आणि तरुण मंडळींपुढे काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट वेळेची. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने अडली असेल, तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी दिसले, तर लकव्याच्या झाडपाल्याकडे न जाता थेट मोठे रुग्णालय गाठावे. झरी किंवा उमरखेडहून निघणाऱ्या रुग्णाचे निम्मे तास रस्त्यातच जातात. तेव्हा गाडी ठरविण्यात आणि पाहुण्यांना विचारण्यात वेळ दवडू नये.

दुसरी गोष्ट घरातील काळजीची. लुळा हात लोंबकळत ठेवू नये, उशीवर आधार द्यावा. रुग्णाला उठविताना त्या हाताला धरून ओढू नये, खांदा दुखावतो. बोटे मिटून आखडू नयेत म्हणून तज्ज्ञाने दिलेली स्प्लिंट सांगितलेल्या वेळी बांधावी. त्या हाताला पाणी, खरखरीत कापड, धान्य यांचा स्पर्श घडवीत राहावे.

तिसरी गोष्ट संस्थेची. साधने विकत घेऊन वाटण्याऐवजी संस्थेने साधनांचे वाचनालय सुरू करावे. स्प्लिंट प्रत्येकाच्या हाताच्या मापाची लागते, पण सरावाची यंत्रे, विजेचे ठोके देणारी उपकरणे आणि हातमोजे तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर काही महिने देऊन परत घेता येतील. दर आठवड्यास एक फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ संस्थेच्या वास्तूत बसावा. प्रत्येक रुग्णामागे एक स्वयंसेवक सहा महिन्यांसाठी नेमावा आणि त्याने रोज अर्धा तास रुग्णासमोर बसून सराव करून घ्यावा. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, सावंगी आणि नागपूर येथील संस्था आपल्या आवाक्यात आहेत. त्यांच्या सल्ल्याने अशा स्वयंसेवकांचे प्रशिक्षण होऊ शकेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चलनवलनाचे दिव्यांगत्व व कुष्ठरोगमुक्त व्यक्ती यांचाही समावेश आहे. पात्र रुग्णांना प्रमाणपत्र व सवलती मिळवून देणे हेही स्वयंसेवकाचे काम ठरावे.

या सेवेत उद्‌घाटनाची फीत नाही, रांगेत बसलेल्या लाभार्थींचे छायाचित्र नाही आणि एका दिवसात मोजता येईल असा आकडाही नाही. सहा महिन्यांनी एखादा माणूस स्वतःच्या हाताने घास घेईल, एखादी भगिनी पुन्हा स्वतःची वेणी घालील, आणि काही जणांच्या बाबतीत तेवढेही साधणार नाही. तरीही पुढील पन्नास वर्षांच्या जमाखर्चात ही बाब संस्थेने लिहून ठेवावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.